ग्लायोब्लास्टोमा परत का येतो : नमुने हातात घेण्याआधी

ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा एक आक्रमक कर्करोग. या विषयावर पीएचडी सुरू करताय? मग गाठ 'परत येते' ही समजूत आधी सोडा. ती पूर्ण गेलेलीच नसते. मेंदूचे शल्यविशारद वॉल्टर डँडींनी मेंदूत गाठ असलेल्या काही रुग्णांचा उजवा मेंदूगोलार्ध अख्खा काढून पाहिला आणि १९२८ साली ते प्रसिद्ध केलं; तरीही गाठ पुन्हा उगवली. एमआरआयवर चमकणारा भाग काढला, तरी पलीकडच्या श्वेतद्रव्यात पेशी शिल्लक राहतात. पुढे ३० बैठकांत ६० ग्रे (ग्रे म्हणजे मात्रेचं एकक) रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध झाल्यावरही बहुतेक गाठी मूळ जागेच्या २ सेंटिमीटरांच्या आतच वाढतात.

आता खड्डा कुठे आहे ते बघा. पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचे नमुने जोडीनं मिळतात, तुम्ही आरएनए सिक्वेन्सिंग करता, म्हणजे कोणती जनुकं किती चालू आहेत ते मोजता, आणि निकाल येतो: गाठ 'मेसेन्कायमल' झाली, म्हणजे जनुकांवरून ठरणाऱ्या गाठीच्या प्रकारांपैकी त्या प्रकारात गेली. लगेच हुरळून जाऊ नका. दुसऱ्या नमुन्यात रेडिएशननं मेलेली ऊती असते, व्रण असतो, ढिगानं मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी) असतात. मेसेन्कायमल म्हणून दिसणारी बरीचशी जनुकं त्या मॅक्रोफेजचीच. नमुना कडेचा असेल तर निरोगी न्यूरॉनही येतात आणि गाठ 'न्यूरल' वाटते. २०१० च्या वर्गीकरणात 'न्यूरल' हा चौथा प्रकार होता. २०१७ मध्ये तो गळला, कारण ती निरोगी ऊतीची भेसळ होती. भलेभले फसले, तुम्हीही फसाल. त्यात लाज नाही. न तपासता पेपर लिहिणं मात्र माफ नाही.

तपासायचं असं. आरएनएसाठी तुकडा कापाल तेव्हा त्याच्या वरचा आणि खालचा पातळ काप एच-अँड-ई या नेहमीच्या रंगानं रंगवून पॅथॉलॉजिस्टला दाखवा. बाजूच्या ब्लॉकवरचा अहवाल चालत नाही. त्याच तुकड्याच्या डीएनएमध्ये टर्ट प्रमोटरचं (टर्ट जनुक चालू करणाऱ्या भागाचं) म्युटेशन किती टक्के प्रतींत आहे ते मोजा. ते सगळ्या गाठपेशींत एकाच प्रतीवर असेल आणि तिथल्या प्रती दोनच असतील, तर आलेल्या टक्क्यांची दुप्पट म्हणजे गाठपेशींचं प्रमाण. समजा, पहिल्या नमुन्यात ४० टक्के, दुसऱ्यात १२. म्हणजे ८० विरुद्ध २४. अशा जोडीतला फरक गाठीचा की भेसळीचा, हे बल्क आरएनए (सगळ्या पेशी एकत्र करून मोजलेला) सांगूच शकत नाही. तिथे एकेक पेशी वेगळी मोजणारं एकपेशीय सिक्वेन्सिंगच हवं.

"यू-८७ फ्रीजरमध्ये आहेच, त्यावरच कर," असं सुचवणारे गाइड खूप. यू-८७ म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत आणलेल्या ग्लायोमाच्या पेशी. माझ्या मते हा आळस आहे. सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) वाढलेल्या या पेशी उंदराच्या मेंदूत गोळा करून बसतात, माणसातल्यासारख्या पसरत नाहीत. रुग्णाच्या पेशी सीरमविना वाढवा. वेळ खातात, पण जमतं.

आणि टेमोझोलोमाइड देऊन ७२ तासांनी पेशींची प्लेट वाचू नका, म्हणजे किती पेशी जगल्या ते मोजू नका. औषधानं झालेली इजा साधारण दुसऱ्या पेशीविभाजनानंतर मारते. घाई केलीत तर प्रत्येक पेशी 'प्रतिरोधक' दिसेल. पेशी किती तासांत दुप्पट होतात ते आधी मोजा, मग वाचनाचा दिवस ठरवा.