पारदर्शक चाकं आणि पार्ट : खरं की खोटं ठरवताना (आणि करून बघताना) या चुका टाळा

काचेसारख्या आरपार चाकांवर गाडी धावतानाचा व्हिडिओ ग्रुपवर आला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावर लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एआयचं हाय ते, सोड की." दुसरा म्हणतो, "न्हाई ओ, अ‍ॅक्रिलिक हाय. आपण पण करू की एक." (अ‍ॅक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं कडक प्लॅस्टिक.) दोघंही घाई करतात. ज्या गावात रोज धातू ओतला जातो, लेथवर चढतो, तिथं तरी पहिला प्रश्न असा निघायला हवा : त्या पार्टवर भार किती येतो आणि तो तापतो किती? याचं उत्तर मिळालं की खरं-खोटं बरंचसं आपोआप कळतं.

"आरपार दिसतंय, म्हणजे खोटंच"

तसं नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं पाँटिअ‍ॅकची एक गाडी ठेवली होती. बॉडीचा पत्रा काढून त्या जागी प्लेक्सिग्लास, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच, बसवलं होतं. आतला सांगाडा बाहेरून दिसायचा. ती गाडी अजून शाबूत आहे. २०११ मध्ये अमेरिकेत लिलावात ३ लाख ८ हजार डॉलरला गेली. पण तिच्यात पारदर्शक काय होतं ते बघा : पत्रा. चासी आणि इंजिन धातूचंच होतं. भार वाहणाऱ्या भागाला कुणी हात लावला नव्हता.

मोटारसायकलींना पारदर्शक क्लच कव्हर मिळतात, तीही खरीच असतात. कव्हरला काय, तेल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर. तुमच्या गाडीचा हेडलाइट तरी काचेचा कुठं राहिलाय? पॉलिकार्बोनेटचा असतो, तेही एक आरपार प्लॅस्टिकच.

रिम आणि टायर एकच समजणं

"पारदर्शक चाक" म्हणताना लोक रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते कडं, आणि टायर दोन्ही एकत्र धरतात. अ‍ॅक्रिलिकची रिम बनते, हळू चालवली तर थोडं अंतर चालतेही. टायरची गोष्ट वेगळी. रबर मुळात काळं नसतं, त्यात कार्बन ब्लॅक घालतात म्हणून ते काळं होतं. ती काजळी रंगासाठी नसते, तिच्यामुळे टायर झिजायला वेळ लागतो आणि उन्हात टिकतो. १९६० च्या आसपास गुडइयरनं पॉलियुरेथेनचे रंगीत टायर केले होते, आत दिवे लावून रात्री झळकणारे. दिसायला झकास. पण ओल्या रस्त्यावर पकड कमी, जोरात ब्रेक मारला की वितळायचे. ते बाजारात आलेच नाहीत. शिवाय त्यातून उजेड बाहेर यायचा इतकंच, काचेतून दिसावं तसं आरपार दिसत नव्हतं. तेव्हा स्वच्छ आरपार टायरवर गाडी भर पावसात चोर्ला घाट उतरताना दिसली, तर खुशाल शंका घ्या.

"चाक उलटं फिरतंय, म्हणजे एडिटिंग"

ही पुरावा म्हणून सगळ्यात जास्त फेकली जाणारी गोष्ट, आणि सगळ्यात फुसकी. कॅमेरा सेकंदाला ठराविक चित्रं घेतो. आरे फिरण्याचा वेग त्याच्याशी जुळत आला की चाक थांबलेलं किंवा उलटं दिसतं. साध्या स्टीलच्या रिमलाही असंच होतं.

बघायचं असेल तर हे बघा. व्हिडिओ थांबवा आणि चाकामागचा ब्रेक न्याहाळा. डिस्क, म्हणजे ब्रेकची गोल चकती, चाकाबरोबर फिरते; तिला चिमटीत धरणारा कॅलिपर जागचा हलत नाही. एआयनं केलेल्या व्हिडिओत कधी कॅलिपरही गरागरा फिरताना दिसतो, किंवा चाकाच्या एका फेरीत नटांची संख्या पाचाची सहा होते. मग व्हॉल्व्ह शोधा. हवा भरायची जागाच नसेल तर बोलायलाच नको. टायर रस्त्याला टेकतो तिथं थोडा दबलेला, फुगलेला दिसायला हवा.

खऱ्या अ‍ॅक्रिलिकमधून मागचं सरळ दिसत नाही. तांब्यातल्या पाण्यात चमचा वाकडा दिसतो तशी जाड अ‍ॅक्रिलिकमागची डिस्क कडेला तुटलेली, सरकलेली दिसते. कापलेल्या कडा पॉलिश केल्या नसतील तर दुधाळ असतात, आणि नटांच्या भोकाभोवती टूलचे गोल ओरखडे राहतात. नटाखाली धातूची बुश, म्हणजे भोकात बसवलेली नळी, दिसली तर बनवणाऱ्याला काम कळतं असं समजा. ती का लागते ते पुढे सांगतो.

आणखी एक : गाडी रस्त्यावर आहे की जॅकवर? हवेत चाक फिरवून दाखवणं आणि टनभराची गाडी वळवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बऱ्याच व्हिडिओंत नेमका मधला कट असतो.

इंजिनच्या बाबतीत फिरणं आणि पेटणं यात गल्लत

प्रदर्शनात ठेवलेलं पारदर्शक इंजिन बहुतेक वेळा मोटरनं फिरवलेलं मॉडेल असतं, आत काही जळत नाही. खरोखर पेटणारीही असतात. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या बाउडिच यांनी लांब पिस्टन, त्याच्या डोक्याला क्वार्ट्झची खिडकी आणि खाली तिरका आरसा अशी रचना मांडली. ज्वाला कशी पसरते ते बघायला प्रयोगशाळांत अजून तीच पद्धत वापरतात. घरगुती प्रयोगात लहान इंजिनाला अ‍ॅक्रिलिकचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, बसवतात. तेही पेटतं, पण थोडाच वेळ. सिलिंडरमधली ज्वाला दोन हजार अंशांच्या वर जाते आणि अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं. म्हणून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ खरा असू शकतो. त्याच हेडवर गाडी गोव्याला जाऊन आली म्हटलं तर नाही.

बोर्डवाल्याकडून शीट कापून आणणं

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी. दुकानाच्या पाट्या कापणाऱ्या राउटरवर रिमचा आकार कापून मिळेल. गोची नटाशी होते. एम१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट १०० न्यूटन-मीटरनं आवळला की त्याची पकड साधारण ४ टनांच्या वजनाएवढी होते, प्रत्येक बोल्टची. नटाखालच्या लहानशा कडीवर एवढा दाब अ‍ॅक्रिलिकला सोसत नाही. चुरा होतो नाहीतर चीर जाते. म्हणून कमी आवळावं, तर चाक हलतं. आवळून टिकलंच, तर दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू बसत जातं आणि नट आपोआप ढिले होतात. आरपार धातूची बुश आणि रुंद प्लेट घालून दाब धातूवर घेणं हाच मार्ग. मग प्लॅस्टिक उरतं किती, हा प्रश्न तुमचा.

एवढं करूनही ताण सोसण्याची अ‍ॅक्रिलिकची ताकद रिमच्या अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅलॉयच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. ताठपणा तर विसावा हिस्साही नाही. घाटात ब्रेकची डिस्क दोन-तीनशे अंशांवर सहज जाते आणि रिम तिच्या शेजारीच असते. पावसाळ्यानंतरचे खानापूरकडचे खड्डे वेगळे मोजा. दिसायचंच असेल तर मूळ रिमवर पारदर्शक कव्हर लावा, किंवा शोसाठी स्टँडवर ठेवा. रस्त्यावर नेलंत तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं : कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. तुमचं पासिंग केए-२२ असो की एमएच-०९. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारेल.

पेट्रोलनं पुसणं

पारदर्शक पार्टांचा सगळ्यात जास्त घात यानंच होतो. ग्रीसचा डाग पडला की गॅरेजवाला सवयीनं थिनर नाहीतर पेट्रोलचा बोळा फिरवतो. नटापाशी ताणात असलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यानं केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उठतं. स्पिरिटनंही तेच होतं. पॉलिकार्बोनेटचा हेडलाइट थिनरनं धुरकट होतो. सौम्य साबण, पाणी, मऊ फडकं, बस्स.

हेडलाइट आधीच पिवळा पडला असेल तर आतला बल्ब बदलून उपयोग नाही, पिवळेपणा बाहेरच्या थराचा आहे. पाणी टाकत ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश. कोलगेट घासून जो उजळपणा येतो तो एवढ्यासाठीच टिकत नाही, की नंतर यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर, मारलेलं नसतं. घासताना कंपनीचा मूळ थरही निघून जातो, म्हणून कोटिंग टाळलंत तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते, पहिल्यापेक्षा लवकर. काम सांगतानाच गॅरेजवाल्याला विचारा, कोटिंग धरून किती घेणार.