अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

'चहावरचा कर वाढवला म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला.' उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला घेतला की हे वाक्य हमखास भेटतं. सुटसुटीत आहे, पाठ व्हायला सोपं आहे आणि साफ चूक आहे.

१७७३ च्या चहा कायद्याने नवा कर लावलाच नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर बसवलेला, चहाच्या एका पौंड वजनामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासून होता. त्याच्यासोबत काच, शिसं, रंग, कागद यांवर बसवलेले कर १७७० मध्ये मागे घेतले गेले. चहावरचा तेवढा मुद्दाम ठेवला, 'कर बसवायचा हक्क आम्ही सोडलेला नाही' हे दाखवायला. नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात माफ झाली आणि थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा मिळाली. म्हणजे चहा उलट स्वस्त झाला, चोरून येणाऱ्या डच चहाला टक्कर देण्याइतका.

मग चिडायचं कशाला? स्वस्त म्हणून हा चहा घेतला की त्यातला तीन पेन्सचा कर आपसूक मान्य झाला, ही एक गोष्ट. दुसरी जरा कमी उदात्त: विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या अडत्यांकडे जाणार आणि बाकीचे व्यापारी उघड्यावर पडणार. त्यात चोरट्या मालावर गब्बर झालेलेही होतेच. हे लिहायला विद्यार्थी कचरतात, पण क्रांतीत फक्त तत्त्वच असतं असं कुठे आहे?

चहा फेकला त्या रात्रीची घाई कशाची होती, तेही पाहा. बंदरात आलेल्या जहाजाची जकात वीस दिवसांत भरायची, नाहीतर माल जप्त. डार्टमाउथ जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती आणि गव्हर्नर जहाज परत जाऊ देत नव्हता. म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतल्या गेल्या. ओतणारे मोहॉक या मूळ रहिवासी जमातीच्या वेशात होते, मोहॉक नव्हते. 'रेड इंडियनांनी चहा बुडवला' असंही मी वाचलेलं आहे.

आणि तो चहा चीनचा होता. आसामच्या मळ्यांना अजून साठेक वर्षं अवकाश होता. भारताचा संबंध आहे, पण वेगळा. १७७० चा बंगालचा दुष्काळ, लढायांचा खर्च आणि गोदामांत पडून राहिलेला चहा यांनी कंपनी इतकी अडचणीत आली की सरकारपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले. तिला सावरायला चहा कायदा आला आणि वेसण घालायला त्याच वर्षी रेग्युलेटिंग ॲक्ट. आपण एक 'जगाचा इतिहास'च्या वहीत लिहितो, दुसरा 'आधुनिक भारत'च्या, आणि दोन्ही वह्यांची गाठ कधी पडत नाही.

दुसरं लाडकं वाक्य: 'करांच्या ओझ्याखाली वसाहतींतली जनता पिचून गेली.' हा आपल्याकडच्या शेतसाऱ्याचा साचा आहे, तिथे बसत नाही. वसाहतींतला माणूस इंग्लंडमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी कर भरत होता. १७६४ च्या साखर कायद्याने तर परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीनवर आणली. तरी बोंब झाली, कारण जुनी जकात फारसं कोणी भरतच नव्हतं. नवी खरोखर वसूल होणार होती आणि पकडलेल्याचा खटला ज्युरी नसलेल्या आरमारी न्यायालयात चालू शकणार होता. फ्रान्सशी १७६३ पर्यंत चाललेल्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. लंडनला वसुलीची निकड होती. १७६५ चा मुद्रांक कायदा, म्हणजे कायदेशीर कागदपत्रं आणि वर्तमानपत्रं यांवरचा कर, मग वकील आणि छापखानेवाले यांच्यावर पडला. ज्यांना बोलता-लिहिता येतं, नेमक्या त्यांनाच डिवचलं!

आता 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही'. पुढचं वाक्य बहुतेक जण असं लिहितात: 'त्यांना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या.' हे खोडा. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांच्या ठरावात म्हटलं होतं की आम्हाला तिथे प्रतिनिधित्व नाही आणि आमची परिस्थिती पाहता ते असूही शकत नाही. रोख असा की कर बसवायचा तर आमच्या विधानसभांनी. खोडलेल्या जागी लिहा: 'आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार फक्त आपल्या विधानसभांना आहे, अशी त्यांची भूमिका होती.' मार्च १७६६ मध्ये मुद्रांक कायदा रद्द झाला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने वसाहतींसाठी 'सर्व बाबतींत' कायदे करायचा आपला अधिकार जाहीर केला. पैसे सोडले, अधिकार सोडला नाही. उत्तराचा कणा हा आहे. तो आला नाही तर सनावळ्या नुसत्या लोंबकळत राहतात.

'सुरुवातीपासून स्वातंत्र्य हवं होतं' हेही टाळा. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या झडल्या, तरी जुलैत काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो हाती घेतला नाही. ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. जानेवारी १७७६ मध्ये स्वातंत्र्याची बाजू मांडणारी थॉमस पेन यांची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली, त्यानंतर उघड फारकतीची भाषा सर्रास सुरू झाली. स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान २ जुलैला झालं, जाहीरनामा ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. तीनही तारखा एकाच दिवसात कोंबू नका.

सगळ्यात खोल चूक आपल्या लढ्याशी थेट तुलना करण्याची. हे वसाहतकरी म्हणजे गुलामीत सापडलेले मूळ रहिवासी नव्हते. ते स्वतःला इंग्रज समजत आणि इंग्रज माणसाचे हक्क मागत. १७६३ च्या घोषणेने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. ती त्यांना जाचली, कारण पलीकडच्या मूळ रहिवाशांच्या जमिनींवर त्यांचा डोळा होता. अशा जमिनींत पैसे गुंतवणाऱ्यांत जॉर्ज वॉशिंग्टनही होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना, आपल्या बाजूने लढल्यास, मुक्तीचं वचन दिलं. हे ऐकून तिथले मळेवाले स्वातंत्र्याकडे आणखी वेगाने वळले. ही ओळ उत्तरात असेल तर तपासणारा थांबून वाचतो.

सगळी जनता एकदिलाने उभी होती, असंही नाही. ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्या राजनिष्ठांची संख्या मोठी होती, हजारोंनी देश सोडला. क्यूबेक आणि वेस्ट इंडीज तर ब्रिटिशांकडेच राहिले.

आणि शेवटी ठोकून दिलेलं ते वाक्य, 'या पराभवाने ब्रिटिश साम्राज्याचा कणा मोडला', तेही काढा. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस हरला. आजारी असल्याचं सांगून तो शरणागतीच्या समारंभालाही गेला नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर-जनरल म्हणून कोलकात्यात उतरला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचं निम्मं राज्य काढून घेताना त्याच्या शेजारी हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती.