विमानातून सोडलेला लेसर झोत विस्कटतो तेव्हा: या चुका टाळा

दाभोळीच्या विमानतळावर भर दुपारी उड्डाणाच्या तयारीतल्या विमानाच्या इंजिनामागे पाहिले, तर पलीकडची झाडे थरथरताना दिसतात. वारा प्रकाशाला ढकलत नसतो. हवेची घनता बदलली की तिचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वाकवते ते सांगणारा आकडा, बदलतो आणि किरणाची वाट वाकते. उडत्या विमानाभोवती हीच घनता मुख्यतः वेगामुळे आणि दाबातील चढउतारांमुळे बदलते.

लक्ष्य दूर असले की सगळा दोष मधल्या वातावरणाला देणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. झोत ज्यातून बाहेर पडतो तो लेसरचा घुमट विमानाच्या अंगाबाहेर आलेला असतो, त्याच्या मागच्या बाजूस प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि तिथे उठणारे भोवरे झोताचे तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलाटेची सपाट आघाडी, अगदी सुरुवातीलाच वेडेवाकडे करतात. म्हणून झोत आधी पुढे आणि मग मागे वळवून मोजावा. पुढे नीट आणि मागे विस्कटलेला असेल, तर बिघाड घुमटापाशीच शोधावा. अर्धगोल घुमटावर मॅक 0.55, म्हणजे ध्वनिवेगाच्या 0.55 पट वेगाच्या आसपास प्रवाह स्थानिक पातळीवर ध्वनिवेग गाठतो आणि आघाततरंग, म्हणजे हवेची घनता एकदम बदलणारे पातळ पट्टे, उमटू लागतात, त्यामुळे कमी वेगाची मोजमापे पुढे ताणून वापरू नयेत.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. फोंड्यातल्या एका प्रयोगशाळेत हिरव्या झोताखाली केस वाळवण्याचा ड्रायर धरला, तेव्हा छायाचित्रात ठिपका नुसता मोठा आणि गुळगुळीत आला. भिंग बिघडले असे समजून मी दुपारभर फोकस फिरवत बसलो. एक्सपोजर, म्हणजे छायाचित्र टिपण्याचा अवधी, कमी केल्यावर तोच ठिपका तुकड्यातुकड्यांनी उड्या मारताना दिसला. विमानाभोवतीचे बदल तर सेकंदाला हजारो वेळा होतात, त्यामुळे वातावरणासाठी बनवलेला, आकार बदलून तरंगाग्र सुधारणारा लवचीक आरसा तिथे मागे पडतो.

तरंगलांबी विसरू नये. झोताच्या निरनिराळ्या भागांच्या प्रकाशमार्गातील वर्ग-माध्य-मूळ (RMS) फरक 0.1 मायक्रोमीटर असेल, तर 1.06 मायक्रोमीटरच्या झोताची केंद्रातील तीव्रता आदर्शाच्या सुमारे 70 टक्के उरते, 0.532 च्या हिरव्या झोताची मात्र जेमतेम 25 टक्के.

आणि उंचावरून गोव्याच्या दमट हवेत उतरल्यावर थंड काचेवर बाष्प धरते. चाचणीपूर्वी ती आधी कोरडी करावी.