कोकणात पहिली मोटरसायकल घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये गाडी सपाट फरशीवर उभी असते. आपल्याकडे घरापाशी तशी सपाट जागा मिळणं कठीण. डांबर संपलं की वाडीत उतरणारी पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, पावसाळाभर दगडांवर शेवाळ, आणि बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, गाडी आत घेताना हॅण्डल पार टोकाला वळवावं लागतं. नवशिक्याची गाडी पहिल्यांदा आडवी होते ती अशाच ठिकाणी, चालण्याच्या वेगात. पण गाडी ठरवताना घरात चर्चा काय? पिकअप किती, टॉप स्पीड किती, मुंबईहून किती तासांत येते. त्यात मुंबईचा दादा पैसे घालणार असेल, तर गाडीही तोच ठरवतो आणि इकडे ती चालवायची दुसऱ्याने.

सीसी बघितली, वजन बघितलं नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हिरो स्प्लेंडर साधारण 112 किलोची, रॉयल एनफील्ड क्लासिक 350 साधारण 195 किलोची. म्हणजे सिमेंटची दीड पोती वर, तीही रोज. गाडी पळत असताना हे वजन कळतही नाही. कळतं ते इंजिन बंद करून चढावर मागे ढकलताना, आणि गाडी एका बाजूला कलली की. ठराविक कोनापलीकडे गेलेली जड गाडी नवीन माणसाला सावरत नाही. ती सोडून बाजूला व्हावं, पाय मध्ये घालू नये.

म्हणून बुकिंगआधी इंजिन बंद ठेवून गाडी स्वतः मागे घ्या, वळवा, मधल्या स्टँडवर चढवा. सेल्समन मदतीला येईल, त्याला लांब उभं करा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का बघा. सपाटीवर जेमतेम टेकत असतील, तर उतारावर एक पाय हवेतच राहणार. उंच सीटच्या अॅडव्हेंचर गाड्या दिसायला रुबाबदार, पण 825 मिलिमीटरच्या आसपासची सीट बुटक्या माणसाला पाखाडीवर रडवते.

जड गाडी घेऊन झाली असेल तर? कुशनवाल्याकडून सीटचा फोम थोडा कमी करून घेता येतो. मागचे शॉक बदलून गाडी खाली बसवू नका, सायलेन्सर आणि इंजिनचा तळ दगडांना घासायला लागतो. उतरताना इंजिन चालू, पहिला गिअर, आणि हॅण्डल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. त्या एका सवयीने निम्मे पडणे वाचते, असं माझं मत.

‘घाट चढणार नाही’ ही भीती

आंबा, कुंभार्ली, फोंडा हे घाट शंभर सीसीच्या गाड्या रोज चढतात, मागे माणूस आणि पुढे पिशवी घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. दर आठवड्याला डबलसीट कोल्हापूर गाठायचं असेल तर मात्र 150-160 सीसीचा विचार जरूर करा.

त्याला आणखी एक कारण आहे: ब्रेक. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, 125 आणि त्याखालच्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) चाललं. ओल्या डांबरावर लाल माती वाहून आलेली असते तेव्हा पुढचं चाक लॉक न होणं याला फार किंमत आहे. इथे खरा पेच पडतो, हलकी गाडी की एबीएस? रोज हायवेने चिपळूण किंवा रत्नागिरी गाठणाऱ्याने 150 किलोच्या आतली, एबीएसवाली गाडी घ्यावी. गावातल्या गावात आणि बाजारापुरती वापरणाऱ्याला पुढे डिस्क असलेली 125 पुरते. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवावे लागतात, हे मात्र लक्षात ठेवा.

चाकं अलॉय आणि टायर ट्यूबलेस घ्या. खाऱ्या हवेत तारांच्या चाकांना गंज लवकर धरतो, आणि वेळणेश्वरच्या वाटेवर रात्री ट्यूब पंक्चर झाली तर कोणाला उठवणार?

सेकंडहॅण्डचा मोह

नवशिक्याने जुनी गाडी घ्यावी, याला माझी हरकत नाही, उलट शिकताना ओरखडे तिच्यावरच पडू देत. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे सगळ्यांनी पाहिलंय. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून विकता येते. सीट काढून खाली सुकलेला गाळ आहे का बघा. हेडलाइटच्या आत मातीची रेघ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, इंजिन ऑइल दुधाळ, यातलं एकही दिसलं तर किंमत कितीही उतरू दे, नमस्कार करून निघा.

सिंधुदुर्गात दुसरा मोह गोव्याच्या नंबरचा. गाडी स्वस्त वाटते, पण बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथे नोंदणी बदलावी लागते. तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इकडचा रोड टॅक्स आधी हिशेबात धरा, मग स्वस्त पडते का ते ठरवा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बँकेचा बोजा उतरलाय का, तेही पाहा. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

मागे आई किंवा आजी साडीत बसणार असेल तर साडीगार्ड, धरायची कडी आणि पायाला टेकू बघून घ्या. चढत्या सीटच्या स्पोर्ट्स गाड्या इथेच बाद होतात.

घेतल्यानंतर लगेच येणाऱ्या तक्रारी

गाडी सुरूच होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी किल स्विच, म्हणजे हॅण्डलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बघा. बराच वेळा तोच बंद असतो. मग साइड स्टँड, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं.

चेन करकरते? पावसात पाण्याने ऑइल धुऊन जातं. दर चारपाचशे किलोमीटरला चेन पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब लावा, जोराच्या पावसात त्याआधीही. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खरं तर घालूच नका.

आणि चाकरमान्यांसाठी: गणपतीला येऊन गेलात, गाडी पडवीत झाकून ठेवलीत, शिमग्याला बॅटरी मेलेली सापडणार. कित्येक नव्या गाड्यांना किकच नसते, त्यामुळे घेतानाच किक आहे का विचारा. जाताना बॅटरीच्या वायरी सोडून ठेवा, काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.