चाळीस हजारांत वायरचे उत्तम इयरफोन कसे निवडावेत

बजेट चाळीस हजार असेल तर चाळीस हजारांचे इयरफोन शोधू नका. ते मिळतात, पण घरी आल्यावर लक्षात येतं की फोनला जॅक नाही, सोबतच्या रबरांपैकी एकही कानात नीट बसत नाही, आणि दोन्हीची सोय करायला खिशात काही उरलेलं नाही. त्यापेक्षा हिशोब असा मांडा: इयरफोनला ३१ हजार, डोंगलला (फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा, जॅक देणारा छोटा जोड) ४, वेगवेगळ्या रबरांना २, आणि उरलेले ३ हजार पुढेमागे केबल बदलावी लागेल म्हणून बाजूला. बजेट वीस हजार असलं तरी प्रमाण साधारण हेच ठेवा, फक्त रबरांचे पैसे कापू नका.

ब्लूटूथवाले का नकोत? नकोत असं नाही, पण त्यांची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. वायरच्या इयरफोनची केबल सुटी निघते, तुटली तर नवी लावायची. एवढे पैसे घालताना हा फरक मोठा आहे.

आधी कान

आवाजाच्या गप्पा मारण्याआधी नॉझल कानात बसतं का ते बघा. नॉझल म्हणजे ज्यावर रबर चढवतात ती नळी. तिची जाडी मॉडेलनुसार साधारण ५ ते ६.५ मिलिमीटर असते आणि हा दीड मिलिमीटर फार मोठा असतो. कानाची वाट अरुंद असेल तर जाड नॉझल अर्ध्या तासात दुखायला लागतं. मूनड्रॉप ब्लेसिंग ३ हे या किमतीच्या आसपासचं गाजलेलं मॉडेल. त्यात १० मिलिमीटरचे दोन डायनॅमिक आणि चार बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर आहेत. ड्रायव्हर म्हणजे आतला चिमुकला स्पीकर: डायनॅमिकमध्ये गोल पडदा हलतो, आर्मेचरमध्ये बारीकशी पट्टी. आवाज सुरेख, पण नॉझल जाड आणि डबी, म्हणजे बाहेरचं कवचही थोराड. लहान कानांनी नुसती स्तुती वाचून ते मागवू नये.

रबर नीट बसलं की नाही हे ओळखायची पद्धत सोपी आहे. फोनवर टोन वाजवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि ५० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या स्वराचा टोन हळू आवाजात लावा. आता इयरफोन बोटाने किंचित आत दाबा. दाबल्यावर घुमारा वाढला तर हवा गळतेय, म्हणजे रबर लहान आहे किंवा नीट आत गेलेलं नाही. मग जबडा उघडा-मिटा, मान वळवा. तरीही आवाज हलला नाही तर माप बरोबर. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठं रबर लागणं अगदी सर्रास आढळतं, त्यात काही चुकत नाही. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढला तर रबर सरळ आत जातं. ‘या इयरफोनला बासच नाही’ ही तक्रार बरेचदा इयरफोनची नसते, गळतीची असते.

फोमची रबरं बाहेरचा आवाज चांगला अडवतात, पण तार स्वर थोडे शोषून घेतात आणि काही महिन्यांत मरतात. मुंबईच्या घामात तर लवकरच. सिलिकॉन धुता येतं. दोन-तीन प्रकारची सिलिकॉनची आणि एक जोडी फोमची एवढा साठा पुरे. घालताना कुरकुर किंवा टप्प असा आवाज येत असेल तर तो आतल्या हवेच्या दाबाने डायनॅमिक ड्रायव्हरचा पडदा वाकल्याचा आवाज आहे. बहुतेकदा बिघाड नसतो. सावकाश घातलं की कमी होतो.

आलेख कुठवर मानायचा

कुठला स्वर किती मोठा वाजतो हे दाखवणारे इयरफोनचे मोजमाप-आलेख आता भरपूर मिळतात आणि कागदावरच्या जाहिरातीपेक्षा ते केव्हाही बरे. फक्त ते वाचता यायला हवेत. ३ किलोहर्ट्झच्या आसपास चढ दिसला की तो दोष समजू नका. उघड्या कानाची ठेवणच त्या भागातला आवाज वाढवते, आणि इयरफोन कान बंद करतो म्हणून ती भरपाई त्याला करावी लागते. तो चढ नसेल तर गाणारा भिंतीपलीकडे बसल्यासारखा वाटेल. बासची उंची साधारण २०० हर्ट्झपर्यंत उतरून सपाट व्हावी. ती ४००-५०० पर्यंत रेंगाळली तर डग्ग्याचा घुमारा गायकाच्या गळ्यावर पसरतो.

८ किलोहर्ट्झच्या पुढच्या आलेखावर मात्र फार विसंबू नका. मोजमापाच्या कृत्रिम कानात तिथे स्वतःचा एक सुळका येतो, आणि तुमच्या कानात रबर किती खोल जातं त्यावर तो सुळका पुढेमागे सरकतो. हार्मन टार्गेट म्हणून जी रेघ सर्वत्र दाखवतात ती बऱ्याच ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून काढलेली आहे. तिला सुरुवात म्हणा, शेवट नको. आणि एका यंत्रावरचा आलेख दुसऱ्या यंत्रावरच्या आलेखाशी ताडून पाहू नका.

ड्रायव्हर किती, यावरून काहीच ठरत नाही. दहा ड्रायव्हरचे वाईट आणि एका ड्रायव्हरचे अप्रतिम इयरफोन दोन्ही बाजारात आहेत. सेनहायझरचा आयई ६०० फक्त ७ मिलिमीटरच्या एका ड्रायव्हरवर चालतो. प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा ड्रायव्हर) हवा असेल तर लेटशुअर एस१२ (१४.८ मिलिमीटर) किंवा ७एचझेड टाइमलेस (१४.२ मिलिमीटर) या बजेटच्या बऱ्याच खाली मिळतात. ते आवडले तर तिथेच थांबा. उरलेले पैसे खर्चलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

लोकलने रोज तास-दोन तास प्रवास असेल तर विचार वेगळा करावा लागतो. गाडीची घरघर खालच्या स्वरांची असते आणि नेमका डग्गाच गिळते. म्हणून घरी बसून अगदी संतुलित वाटणारा इयरफोन गाडीत कोरडा वाटतो. अशांनी बास थोडा चढा असलेलं मॉडेल घ्यावं किंवा आवाज अडवण्याला पहिलं महत्त्व द्यावं. एटिमोटिकचे ईआर४ मालिकेतले इयरफोन तीन पाकळ्यांच्या रबराने कानात खोल जातात आणि कंपनी ३५ ते ४२ डेसिबल आवाज अडवण्याचा दावा करते. पण इतकं खोल जाणं सगळ्यांना सोसत नाही. आणि प्लॅटफॉर्मवर किंवा रूळ-रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवायचा, हे सांगायला नको.

काय ऐकून ठरवायचं

दुकानात लावून देतात ती इंग्रजी डेमो गाणी विसरा. स्वतःच्या फोनवर, ऑफलाइन उतरवलेली, शंभरदा ऐकलेली गाणी न्या. शक्य असेल तर स्वतःचं रबरही. तानपुऱ्याची जवारी लावा: ती झिणझिणत वर पसरत गेली पाहिजे, सपाट गुणगुण ऐकू आली तर वरचे स्वर दबलेत. भजनातला टाळ लावा. तो दर ठोक्याला कानात टोचला तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सुळका आहे आणि महिन्याभरात तुम्ही हे इयरफोन विकाल. त्याच भागात ‘स’ आणि ‘च’ सुद्धा सुळसुळतात. नाट्यसंगीताचं जुनं ध्वनिमुद्रण मधल्या पट्टीसाठी उत्तम परीक्षा आहे, कारण पेटी आणि गळा एकाच जागेत भांडत असतात. चांगला इयरफोन दोघांना वेगळं बसवतो. लावणीतली ढोलकी थापेसाठी. थाप पडली आणि लगेच थांबली पाहिजे, मागे धूळ उरायला नको.

दोन इयरफोन ताडताना आवाजाची पातळी एक ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. एकाच गाण्यातली एकच ओळ दोन्हींवर लावून गळा सारखा मोठा होईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा, शंका असेल तर आवडत्याचा एक टप्पा कमी करा आणि मग निर्णय घ्या. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त ऐकू नका. चौथ्यापासून कान फक्त थकलेला असतो.

डोंगलवर किती घालवायचे

इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. हिशोब करून बघा. इयरफोनची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो, ती काही कंपन्या दर मिलीवॉटला देतात, काही दर व्होल्टला, त्यामुळे आकडे सरळ ताडता येत नाहीत. १६ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) इयरफोनवर मिलीवॉटला १०२ डेसिबल लिहिलं असेल तर त्यात १८ मिळवा, म्हणजे व्होल्टला १२०. ३२ ओहमच्याला १५ मिळवायचे. आता व्होल्टला १२० डेसिबल देणाऱ्या इयरफोनला ८० डेसिबलवर वाजायला फक्त १० मिलीव्होल्ट लागतात. गाण्यातले उसळणारे ठोके धरले तरी १०० मिलीव्होल्ट पुरतात. अ‍ॅपलचा साधा यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. मग ताकद हा प्रश्नच राहत नाही. पाहायची ती मागची बारीक सरसर आणि आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे डोंगलचा स्वतःचा विरोध.

आउटपुट इम्पिडन्स इयरफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. ८ ओहमच्या इयरफोनला १ ओहमच्या आत. अनेक आर्मेचरच्या इयरफोनचे ओहम स्वरानुसार खालीवर होतात, म्हणून चुकीच्या डोंगलवर त्यांचा अख्खा रंग बदलतो. एका डायनॅमिकच्या किंवा प्लेनरच्या बाबतीत फरक मुख्यतः आवाजाच्या पातळीत पडतो. अ‍ॅपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हळू वाजतो, म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी दुसरा घ्यावा. ४.४ मिलिमीटरची बॅलन्स्ड जोडणी (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या) हवी असेल तर घ्या, पण तिच्यासाठी इयरफोनच्या पैशाला हात लावू नका.

कुठून घ्यायचे

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला केबल, कन्व्हर्टर, डोंगल असं बरंच मिळतं. पण या दर्जाचे इयरफोन भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलासकट घ्यावेत. परदेशातून मागवल्यावर सीमाशुल्क, १८ टक्के जीएसटी आणि कुरिअरची फी चढते, शिवाय बिघडलं तर स्वखर्चाने परत पाठवणं आलं. खरेदीआधी परत घेण्याची अट वाचा: रबर कानात घातलं की परतावा बंद, असं अनेक ठिकाणी असतं.

वापरलेले घेणं हा या बजेटमधला सर्वांत हुशार मार्ग आहे, कारण पहिल्या मालकाने नवेपणाची किंमत भरून झालेली असते. दादर किंवा अंधेरीला भेटून घेताना डबीवरचा आणि खोक्यावरचा अनुक्रमांक जुळवा. २० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत चढणारा टोन मोनोमध्ये (दोन्ही कानांत एकच आवाज) लावा. आवाज मध्यभागी राहायला हवा. तो एका बाजूला झुकला तर आधी नॉझलची जाळी बघा, मळाने बुजलेली असते. खालच्या स्वरांवर खरखर आली तर सोडून द्या. केबलची जोडणी हलवून पाहा: एमएमसीएक्स, म्हणजे गोल फिरणारी जोडणी, फिरून फिरून सैल पडते, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना ओढाताणीने वाकतात. सेनहायझरच्या आयई ६०० आणि ९०० मध्ये एमएमसीएक्सचं भोक खोल आहे, त्यामुळे बाहेरची कुठलीही केबल बसेलच असं नाही.

जूनपासून पुढे

मुंबईत इयरफोन पडून फुटतात त्याहून जास्त दमटपणाने मरतात. कानातला घाम जाळीवर बसतो, जाळी बुजते आणि एक बाजू हळू वाजू लागते. पाणी आत गेलं तर आर्मेचर गंजतो. पारदर्शक आवरणाची तांब्याची केबल हिरवी पडते, तोही घामाचाच प्रताप. वापर झाला की रबर काढून नॉझल खाली धरून सुक्या मऊ ब्रशने झाडा, कपड्याने केबल पुसा, दहा मिनिटं उघड्यावर ठेवा आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या (दमटपणा शोषणारे दाणे) पुडीसोबत ठेवा. तांदळात पुरू नका, पीठ जाळीत जातं. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते कधी भरलं हे दिसतं. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं.