घरी गाणं रेकॉर्ड करताय? इफेक्टला हात लावायच्या आधी या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी मागच्या खोलीत आम्ही भजनं रेकॉर्ड करतो. एक लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमधे नेणारा डबा), एक कंडेन्सर माईक, बास. त्यामुळे ओळखीतली पोरं फोन करत असतात, दादा आवाज फाटतोय, दादा मागे घूं घूं येतंय, कोणता प्लगिन (सॉफ्टवेअरमधला इफेक्ट) टाकू? मी सगळ्यांना आधी एकच गोष्ट करायला सांगतो, ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट बायपास, म्हणजे तात्पुरते बंद कर आणि कोरा आवाज ऐक. बिघाड तसाच ऐकू आला तर तो माईक, वायर, गेन (माईकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते) नाहीतर सेटिंगमधे आहे, त्यावर प्लगिन टाकून उपयोग नाही. आणि कोरा आवाज स्वच्छ असेल तर एकेक इफेक्ट परत चालू करत जा, दोषी कोण ते लगेच सापडतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गेन. मीटर लाल झाल्याशिवाय आवाज "भरलेला" वाटत नाही असा समज आहे, पण ० डीबीला लाटेचं टोक एकदा कापलं गेलं की मग ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कितीही खाली आणा, फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो. २४ बिटमधे रेकॉर्ड करा आणि सगळ्यात जोरात गायचं ते आधी गाऊन बघा, टोकं उणे १२ डीबीच्या आसपास राहिली की झालं. नाशिक ढोल घरात रेकॉर्ड करायचा असेल तर गेन शून्यावर आणूनही आवाज फाटू शकतो, कारण तिथे माईक स्वतःच दबतो. माईकवर पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण असेल तर ते दाबा, नसेल तर माईक दोन-तीन मीटर लांब न्या, शक्यतो ढोल गच्चीवर आणि माईक जिन्यात.

घूं आवाजाचं म्हणाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो घूं बहुतेक ५० आणि १०० हर्ट्झवर असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर अर्थिंगची गडबड आहे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर नक्कीच. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच तीन पिनच्या बोर्डावर लावा आणि त्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन काढून टाकायचा उपाय कोणी सांगितला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसतो त्याने.

आवाज उशिरा ऐकू येतो, ही पुढची तक्रार. आधी विचारतो हेडफोन कोणता, ब्लूटूथ असेल तर तिथेच विषय संपला, वायरचा घ्या. मग सॉफ्टवेअरमधला बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (नमुने) साठवून मग पुढे पाठवतो ते. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तितके सॅम्पल) १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे नुसता त्याचाच २३ मिलिसेकंद उशीर, तोही आवाज लॅपटॉपमधे येताना वेगळा आणि हेडफोनकडे जाताना वेगळा, आणि १२८ ला तोच ३ मिलिसेकंदाच्या आसपास येतो. गाताना बफर कमी ठेवायचा, मिक्स करताना वाढवायचा, हे उलटं केलं की मिक्सच्या वेळी टिकटिक, खरखर सुरू होते आणि लोकांना वाटतं फाईलच खराब झाली. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाका. आणि हो, मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या ट्रॅकवर) लिमिटर नाहीतर लिनियर फेज ईक्यू असले इफेक्ट लावून गायला बसू नका, हे आवाज थोडा पुढपर्यंत बघून काम करतात म्हणून स्वतःचा उशीर घालतात.

सॅम्पल रेटचा घोळ तर मी स्वतः केलाय. पेटीवाल्या काकांचा ट्रॅक ४४,१०० वर घेतलेला, मी तो ४८,००० च्या प्रोजेक्टमधे टाकला आणि रेट बदलून घ्यायचा राहिला. सगळं साधारण ९ टक्के जलद झालं, आणि पेटीच्या काळी १ पट्टीतलं भजन पांढरी २ आणि काळी २ च्या मधे कुठेतरी जाऊन बसलं. काका म्हणाले पेटी बिघडली, दोन तास आम्ही सूर तपासत बसलो. तेव्हापासून प्रोजेक्ट उघडला की पहिला रेट बघतो, विंडोजमधलाही आणि इंटरफेसचाही.

पिच सुधारणारा प्लगिन भजनाला लावताना फार जपून. स्केल मेजर ठेवलं आणि गाणं भैरवीतलं असेल तर कोमल रे, ग, ध, नी चारही शेजारच्या सुरावर ओढले जातात, आणि प्लगिनचा वेग जास्त असेल तर मींडच्या (सरकत जाणाऱ्या सुराच्या) पायऱ्या होतात. त्यापेक्षा ती ओळ परत गाऊन घ्या, खरंच, दहा मिनिटांचं काम आहे.

रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) सेंडवर, म्हणजे मूळ ट्रॅकऐवजी वेगळ्या ट्रॅकवर लावलाय ना, मग त्याचा मिक्स १०० टक्के वेट (फक्त घुमलेला आवाज) ठेवा, नाहीतर कोरा आवाज दुसऱ्यांदा मिसळून गायक उगीच मोठा होतो.

नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट) जोरात लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा पंखा बंद करा, नाशिकच्या थंडीत तर त्याची गरजही पडत नाही. तरी सुरुवातीचे दहा सेकंद कोणी न बोलता रेकॉर्ड करून ठेवा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला मागच्या गोंगाटाचा नमुना द्यायला तेच लागतात. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू असतो, त्याची धडधड भिंतीतून माईकवर येते. ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) लावला तर थोडी कमी होते आणि गाण्यालाही धक्का लागत नाही, काळी १ चा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचमसुद्धा १०४ हर्ट्झच्या आसपास असतो. पण पूर्ण जात नाही ती, म्हणून त्या दिवसांत आम्ही पहाटे पाचलाच बसतो, सहाच्या आत दोन भजनं होतात.