लाकडी पक्ष्याची चोच तुटू नये म्हणून

घरीच शिकत शिकत लाकडाचे पक्षी कोरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांचा पक्षी चोचीतच मोडतो. ठोकळ्यावर पेन्सिलने चित्र काढायच्या आधी लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला जातायत ते नीट बघा आणि चोच त्याच दिशेला ठेवा, रेषा आडव्या आल्या की खंड्यासारखी लांब चोच नुसत्या बोटाच्या दाबानेही कट्कन जाते. मान वळवलेला पक्षी हवा असेल तर डोकं सरळ वेगळ्या तुकड्यात कोरा आणि मग चिकटवा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि चोच सगळ्यात शेवटी बारीक करा! तोपर्यंत जाडच राहू दे, कारण पोट-पंख कोरताना हात तिथेच लागतो. लाकूड पांगाऱ्याचं मिळालं तर उत्तम, सावंतवाडीची खेळणी त्याचीच बनत आलीयेत, हलकं आणि मऊ असतं, पण मऊ म्हणूनच चाकूला धार एकदम कडक हवी, बोथट चाकूने ते कापलं न जाता चुरगळतं. चोचीच्या टोकाला पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब जिरवायचा, पूर्ण सुकला की बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने मारायचा, टोक छान कडक होतं. रंग त्यानंतरच.